तीन ठोके

मिस्त्रीला काहीही विचारा, त्याच्याकडे उत्तरं तीनच. ‘चालायचंच’, ‘बघू’ आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’. बायकोने विचारलं, छत गळतंय, कधी बघताय, तर ‘बघू’. मुलीने विचारलं, बाबा, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ का, तर ‘तुम्ही म्हणाल तसं’. शेजारच्या मास्तरांनी एकदा जिन्यात थांबून सांगितलं, काल आमची आई गेली हो. मिस्त्रीने हनुवटी गळ्यात रुतवली, डोळे मिटल्यासारखे केले आणि म्हणाला, ‘चालायचंच.’ मास्तर आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, माणूस साधा नाही, पोचलेला आहे.

खरी गोष्ट एवढीच होती की मिस्त्रीला ऐकू येत नव्हतं.

सव्वीस वर्षं तो एकच मशीन चालवत होता. चार चाकांचा लोखंडी गाडा, गाड्यावर डिझेल इंजिन, आणि इंजिनाला जोडलेलं वेल्डिंगचं मशीन. जिथे वीज नाही तिथे हा गाडा ओढत न्यायचा. पुलाखाली, अर्ध्या बांधलेल्या शेडमध्ये, उघड्या माळावर. इंजिन सुरू झालं की शेजारी उभ्या माणसाशी बोलायलाही ओरडावं लागायचं. बाकीचे वेल्डर कानात बोळे घालायचे. मिस्त्री त्यांना हसायचा. म्हणायचा, कानात बोळे घातले तर इंजिन काय म्हणतंय ते कळणार कसं? आणि इंजिन त्याला खरंच सगळं सांगायचं. टाकीत शिरलेल्या माणसाने वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवला की इंजिन दबल्यासारखं कण्हायचं, रॉड उचलला की मोकळं पळायचं. बाहेर उभा राहून, पाठ वळवून मिस्त्री सांगू शकायचा, आत किती काम झालं. ते ऐकायला म्हणून त्याने सव्वीस वर्षं कान उघडे ठेवले आणि इंजिनाने ते हळूहळू, काही न सांगता खाऊन टाकले.

इतर बाबतीत त्याच्याइतका कडक माणूस नव्हता. गाडा कामापासून मोजून बारा पावलं लांब. धुराची नळी कामाच्या उलट्या दिशेला. इंजिन गरम असताना डिझेल ओतायचं नाही, कुणी कितीही घाई करो. जमीन ओली असेल तर पायाखाली लाकडी फळी. हातमोजे घामाने भिजले की दुसरे. बारा पावलं तो इतक्या गंभीरपणे मोजायचा की लोक मागून त्याची चाल करून दाखवायचे.

सगळ्यात छान करायचा जावईबापू.

जावईबापू म्हणजे मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नाव मिस्त्रीनेच थट्टेने पाडलेलं, मग साइटवर साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे तेच म्हणायला लागले. टाकीत, पाइपात, अडचणीच्या जागी शिरून वेल्डिंग करायचं ते त्याने, आणि बाहेर मशीनपाशी उभं राहायचं ते मिस्त्रीने, अशी नऊ वर्षांची जोडी. बहिणीकडे जेवायला बसले की जावईबापू तोंडाने इंजिन करून दाखवायचा. थंडीतलं खोकत खोकत सुरू होणारं, मग लंगडत धडधडणारं, मग रॉड टेकल्यावर कण्हणारं. पोरं पोट धरून हसायची. मिस्त्रीही हसायचा. जावईबापूचे गाल फुगले की हसायचं, एवढं त्याने ठरवून घेतलं होतं.

ऐकू येत नाही हे लपवणं भागच होतं. बाहेरच्या माणसाचे कान हाच आतल्या माणसाचा भरवसा. मिस्त्री दर दहा मिनिटांनी इंजिन मंद करायचा, मग आतून जावईबापू टाकीच्या पत्र्यावर तीन ठोके द्यायचा. तीन ठोके म्हणजे ठीक आहे. ठोके नाहीत म्हणजे मशीन बंद, आणि त्याला बाहेर काढा. ज्याला ठोके ऐकू येत नाहीत त्याला त्या जागी कोण उभं करील? आणि त्या जागेशिवाय मिस्त्रीला दुसरं काय येत होतं?

त्यावर त्याने तोड काढली होती. ठोक्यांच्या वेळी तो सहज टेकल्यासारखा टाकीवर तळहात ठेवायचा. पत्रा तीनदा थरथरला की अंगठा वर करायचा. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. जावईबापू अलीकडे आत जाताना छोट्या हातोडीबरोबर एक मोठा हातोडाही न्यायला लागला होता. वेल्डिंगला त्याचा काडीचा उपयोग नाही. मिस्त्रीने विचारलं, आत काय डोंगर फोडायचाय का? जावईबापू काहीतरी बोलला आणि हसला. मिस्त्री म्हणाला, ‘चालायचंच.’

त्या दिवशी काम होतं पाण्याच्या पोलादी टाकीत. दोन माणसं उंच, खाली माणूस वाकून जाईल एवढंच भोक, आणि भोकापाशी हवा आत ढकलणारा पंखा. सकाळीच केबलचं टोक जळलं. जळका तुकडा कापून टाकला तर केबल कमी पडायला लागली आणि आतल्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचेना. नवी केबल दुसऱ्या दिवशी येणार होती. काम मात्र दोन तासांचंच राहिलं होतं. मिस्त्रीने थोडा विचार केला आणि गाडा पुढे ओढला. दहा पावलं. आठ. पाच. शेवटी गाड्याचा लोखंडी दांडा टाकीला टेकला तेव्हा केबल पुरली. धुराची नळी त्याने न विसरता उलट्या बाजूला केली. पण तिथून पंखा होता दोन हातांवर, आणि वारा तर पडलेलाच होता. पंख्याने समोर मिळेल ती हवा आत ढकलायला सुरुवात केली.

दहा मिनिटांनी मिस्त्रीने इंजिन मंद केलं आणि तळहात टेकवला. ठक्, ठक्, ठक्. अंगठा वर. परत दहा मिनिटांनी तसंच. परत तसंच.

मधे वॉचमन आला. त्याने इंजिनाकडे बोट केलं, टाकीकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं. मिस्त्री म्हणाला, ‘चालायचंच.’ वॉचमन मान हलवून निघून गेला. त्याने काय विचारलं होतं ते मिस्त्रीला नंतर कळलं. तो म्हणाला होता, इंजिन केव्हाचं मोकळंच पळतंय, आतला माणूस थांबलाय का?

जेवणाच्या सुट्टीला मिस्त्रीने मशीन बंद केलं. सवयीने तळहात टाकीवर होताच. इंजिन थांबलं तसा हाताखालचा पत्राही थांबला. एकदम, पूर्णपणे. मग त्याने टाकीला टेकलेल्या गाड्याच्या दांड्याकडे पाहिलं. मंद केलेलं इंजिन धड् धड् धड् करत लंगडायचं, आणि तो दांड्यातून टाकीत आलेली धडधड मोजत होता. तीन झाले की थांबायचा. पुढे मोजलंच नव्हतं त्याने.

तो भोकाकडे धावला तेव्हा वॉचमनने त्याची कंबर धरून ठेवली, तुम्हीही आत पडाल म्हणून. लोकांनी गाडा लांब ढकलला, पंखा चांगल्या हवेत धरला, तोंडाला नळी लावलेला माणूस आत गेला. जावईबापूला बाहेर आणलं तेव्हा त्याचे गाल लाल होते, उन्हातून आल्यासारखे. धुराने तसं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. मिस्त्रीने सगळ्याला मान डोलावली.

साहेबांनी विचारलं, खूण येत होती का? हे त्याला त्यांच्या ओठांवरून कळलं. तो म्हणाला, येत होती.

पंधरा दिवसांनी साहेबांनी अपघाताचा कागद तयार करून सहीसाठी त्याच्या हातात दिला. बहिणीलाही दाखवून आणा म्हणाले. त्यात लिहिलं होतं की आतल्या माणसाने शेवटपर्यंत सगळं ठीक असल्याची खूण दिली, त्रास होत असूनही तो बाहेर आला नाही, सबब चूक त्याची स्वतःची. मिस्त्रीने कागद खिशात घातला आणि चार दिवस बहिणीच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला. खरं सांगावं तर बहीण तुटणार. न सांगावं तर तिचा मेलेला नवरा दोषी ठरणार, तोही त्याच्या सहीने.

पाचव्या दिवशी दुपारी तो आत गेला. बहीण जावईबापूचे कामाचे कपडे घडी करत बसली होती. ठिणग्यांनी भोकं पडलेले शर्टसुद्धा नीट, कडेला कड जुळवून. तिने त्याला पाट सरकवला आणि नेहमीसारखी अगदी समोर बसली. ती कायम अशीच बसायची, तोंड त्याच्याकडे करून, सावकाश बोलत. मिस्त्रीला वाटायचं, लहानपणापासूनची सवय.

तिने कागद वाचला. दोनदा वाचला.

‘त्यांनी ठोकलं होतं का, दादा?’

मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला, ‘चिमे, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मी हात लावून ओळखायचो. त्या दिवशी इंजिनाची धडधड मोजली. ते ठोकत होते की नाही, मला माहीत नाही.’

तो डोळे वर करीना. तिने त्याची हनुवटी धरून वर केली, कारण मान खाली असली तर त्याला आपलं बोलणं दिसणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली.

मग उठून तिने कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी आणली आणि मोठा हातोडा त्याच्या पुढ्यात ठेवला. दांड्याला फडकं गुंडाळलं होतं, तिच्याच जुन्या साडीचं.

‘हा कशाला होता, ठाऊक आहे? छोट्या हातोडीचा ठोका दादाच्या हाताला लागत नाही म्हणायचे. म्हणून हा नेत होते. मी म्हटलं, अहो, साहेबांना सांगून टाका एकदा. तर म्हणाले, दादाचं मशीन काढून घेतील, मग तो करील काय. मी जोरात ठोकतो, तू गप्प बस.’ तिने दांड्यावरचं फडकं नीट केलं. ‘आणि मी गप्प बसले, दादा.’

मग तिने पुढचा शर्ट घडी करायला घेतला. पोरं शाळेतून आली, पिशव्या टाकून दारातच उभी राहिली. कुणी त्यांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री साहेबांच्या ऑफिसात गेला. हातात कागद, खांद्याला पिशवी. कागद टेबलावर ठेवून म्हणाला की हा चुकीचा आहे, गाडा मीच पुढे ओढला, आणि मला ठोके ऐकू येत नाहीत, आतल्या माणसाची काही चूक नाही, असं लिहा. साहेब खुर्चीत पुढे सरकले, पेन बोटांत फिरवत खिडकीकडे बघून काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. मिस्त्रीच्या जिभेवर जुनं उत्तर आपोआप आलं. त्याने पिशवीवरून हात फिरवला, हातोड्याचा दांडा चाचपला.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘मला ऐकू आलं नाही. माझ्याकडे तोंड करून परत सांगा.’