घाटातून आलेला निरोप

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी लकडी पुलापर्यंत चालत जातो, त्यालाही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही — माझं मन जड वगैरे नाही, झोप व्यवस्थित लागते. एक गोष्ट चुकीची नोंदली गेली आहे. ती मीच चुकीची नोंदवली. आमच्या वर्तमानपत्रात अशी दुरुस्ती आतल्या पानावर, बारीक टायपात छापत असत. इथे जागा माझी आहे, म्हणून जरा मोठी छापतो.

मी पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. नोकरी सोडल्यावर एका छोट्या संस्थेने बोलावलं. काम होतं कोकणातल्या चार गावांना एकत्र बसवण्याचं. चारही गावं एकाच किनाऱ्यावर, ओळीने. समुद्र चौघांची जमीन खात होता आणि प्रत्येक गाव आपल्यापुरता उपाय करत होतं. एकाने किनाऱ्यावर दगडांचा बंधारा घातला की लाटा तिथून वळायच्या आणि पुढच्या गावाची वाळू ओढून न्यायच्या. मग पुढचं गाव चिडायचं. तेव्हा चौघांनी मिळून ठरवावं — उधाणाचा इशारा देणारा भोंगा एकच, सुटकेच्या बोटी सगळ्यांच्या, आणि बंधारा कुठे, कधी, कोणत्या क्रमाने, हेही एकत्र. कल्पना चांगली होती. आजही आहे.

बैठक कोणाच्या गावात घ्यायची यावर एकमत होईना. ज्याच्या गावात बसू त्याचं वजन वाढेल, अशी प्रत्येकाला शंका. म्हणून पुणे ठरलं. समुद्राचा निर्णय घ्यायला समुद्र नसलेलं शहर. नारायण पेठेत एक हॉल मिळाला, खाली जेवणाची सोय होती.

या चार गावांचा एक जुना नियम आहे. तो नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मासेमारी कधी बंद ठेवायची, हे चारही गावं पूर्वीपासून मिळून ठरवतात. त्या सभेला कोणी पोहोचला नाही, पण त्याचा निरोप आला, तर सभा त्याच्यासाठी थांबते. निरोपच आला नाही, तर त्याची संमती धरतात. वारा कधी फिरेल सांगता येत नाही, तेव्हा गप्प राहणाऱ्यासाठी किती खोळंबायचं? पुण्याच्या बैठकांनाही हाच नियम लावायचा, असं चौघांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. मला तो फार आवडला होता. मी त्याचं कौतुकही केलं होतं — लोकांसमोर, सविस्तर.

ओळीतलं शेवटचं, दक्षिणेकडचं गाव सगळ्यात लहान. तिथल्या सरपंच सुलभाताई. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बंधारा घालायचा तर चारही गावांसमोर एकाच वेळी घाला, नाहीतर कुठेच नको. तीन गावांसमोर घालून आमच्या शिवेवर थांबवलात, तर समुद्र उरलेला राग आमच्यावर काढेल. प्रत्येक बैठकीत त्या हेच सांगत. आवाज न चढवता. चौघांतल्या सगळ्यात मोठ्या गावचे नगराध्यक्ष — त्यांना सगळे अण्णा म्हणत, बैठकीचे अध्यक्षही तेच — त्यांनी एकदा विचारलं होतं, "ताई, तुमच्याकडे दुसरा मुद्दा नाही का?" त्या म्हणाल्या, "माझ्याकडे दुसरा किनारा नाही."

ज्या बैठकीबद्दल बोलतोय ती शेवटची. मुंबईहून मंजुरीचं काम बघणारे अधिकारी आले होते आणि दुपारी एकला त्यांना निघायचं होतं. पैसे तीन गावांपुरते होते. प्रस्ताव असा — तीन गावांचा बंधारा आत्ता, चौथ्याचा पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा म्हणजे काय, हे सरकारी कामाशी संबंध आलेल्या कोणालाही समजावून सांगायची गरज नाही. मलाही नव्हती.

अकराला सगळे जमले. सुलभाताई सोडून. अण्णा खुर्चीत बसता बसता म्हणाले, "सुरू करा. आपण पुण्यात आहोत. इथे पाच मिनिटं उशिरा आलेल्याला दाराबाहेर चहा देतात, तोही विचारून." सगळे हसले. मीही.

भोंग्याचा विषय झाला, बोटींचा झाला. बंधाऱ्याचा येणार, तेवढ्यात माझा फोन वाजला. मी जिन्यात गेलो.

सुलभाताई होत्या. ताम्हिणीत दरड आली होती, दगड काढायचं काम चालू होतं, त्यांची जीप रांगेत अडकली होती. "सर, दीड वाजेल. बाकीचं सगळं उरका. बंधाऱ्याचं तेवढं माझ्यासाठी ठेवा. अण्णांना निरोप द्या, बरं का."

मी म्हणालो, "हो ताई."

हॉलमध्ये परत आलो. अण्णांनी विषय पुकारला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, "चौथ्या गावाचा काही निरोप?"

मी म्हणालो, "नाही."

झालं — हाच तो गुन्हा. एका शब्दाचा. त्या शब्दाने त्यांची गैरहजेरी त्यांची संमती झाली, त्यांच्याच नियमाने. अधिकाऱ्यांनी होकार दिला, टाळ्या पडल्या, आणि एकला त्यांची गाडी निघालीसुद्धा.

का केलं? लोकांना मोठी कारणं आवडतात. माझ्याकडे एक तयारही होतं — वेळ गेली असती तर मंजुरी गेली असती, आणि चौघांच्याही हाती काहीच लागलं नसतं. हे खोटं नाही. पण जिन्यावरून वर येताना माझ्या डोक्यात ते नव्हतं. डोक्यात होतं पान. वर्तमानपत्रात पान छपाईला सोडायची वेळ झाली की एखादी बातमी बाहेर ठेवावी लागते. ती खोटी असते म्हणून नव्हे — ती मावत नाही म्हणून. वर्षानुवर्षं मी हे काम केलं, आणि ते मला चांगलं येत होतं. सुलभाताई मावत नव्हत्या. मी त्यांना बाहेर ठेवलं.

आणि अजून एक. त्या आल्या असत्या तर अडवणूक झाली असती, ही भीती नव्हती मला. त्यांनी पटवलं असतं, ही होती. निदान मला तरी.

त्या दीडला पोहोचल्या. आम्ही खाली जेवत होतो. अंगावर घाटातली धूळ, हातात पदराचं टोक घट्ट धरलेलं. त्यांनी आधी मलाच विचारलं, "सर, निरोप दिलात ना?" अण्णा ताटावरून मान वर करून बघत होते. मी म्हणालो, "ताई, फोन आला होता, पण आवाज तुटत होता. काहीच कळलं नाही."

घाटात रेंज नसते, हे सगळ्या जगाला माहीत आहे. त्यांनी लगेच मान्य केलं. म्हणाल्या, "मग मी परत लावायला हवा होता. माझंच चुकलं." कोणीतरी त्यांच्यासाठी ताट वाढलं. त्यांनी जिलबी बाजूला ठेवली.

म्हणजे खोटं एक नव्हतं, दोन होती. पहिलं घाईतलं म्हणता येईल. दुसरं बोलायला मला भरपूर वेळ होता.

पुढचं थोडक्यात. तीन गावांचा बंधारा झाला आणि चौथ्याच्या शिवेवर थांबला. दोन-तीन पावसाळ्यांत सुलभाताईंच्या गावची पुळण, किनाऱ्यावरची सगळी वाळू, वाहून गेली. सुरूची झाडं मुळासकट आडवी झाली. बायका आता मासळी डांबरी रस्त्यावर वाळत घालतात आणि गाडीवाल्यांच्या शिव्या खातात. पुढच्या निवडणुकीत ताई पडल्या. गावात म्हणत, "बाई पुण्याला जाऊन जिलबी खाऊन आली, बंधारा तिथेच विसरली." हे मला त्यांनीच हसत सांगितलं. वर म्हणाल्या, "खोटं काय आहे त्यात? फोन एकदाच लावला मी."

आणि त्या करारातला भोंगा? तो वाजला. मोठं वादळ आलं तेव्हा वेळेवर वाजला, चारही गावं वेळेवर रिकामी झाली, बोटी एकमेकांच्या मदतीला गेल्या. सुलभाताईंच्या गावातलीही सगळी माणसं वाचली.

आता तुम्ही म्हणाल, मग बरोबरच केलंत की. नका म्हणू. मी ती सवलत मागितलेली नाही. भोंगा आणि बोटी त्यांचा फोन येण्याआधीच ठरल्या होत्या आणि त्यांना त्याबद्दल तक्रार नव्हती. एकाने दुसऱ्याची वजाबाकी होत नाही. किंवा म्हणाल, इतकी वर्षं गप्प कसे राहिलात? सोपं असतं ते. दर वर्षी सरपंचांच्या प्रशिक्षणात मी याच बैठकीचं उदाहरण देतो — गावांनी एकत्र येऊन किनारा कसा सांभाळावा. निरोपाचा नियमही सांगतो. लोकांना तो आवडतो. मागच्या आठवड्यातही सांगितला आणि चहा पिऊन घरी आलो. मान खाली घालून चालणाऱ्या माणसाची गोष्ट हवी असेल, तर ती इथे मिळणार नाही.

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं, हेही मी विचारणार नाही. तुम्ही त्या जिन्यात नव्हतात. मी होतो.

सुलभाताईंचा फोन अजून येतो. पद नाही, तरी पावसाळ्याआधी येतोच. भोंग्याची बॅटरी बदलायची असते, बोट दुरुस्तीला न्यायची असते, वरच्या कचेरीत कोणाला तरी आठवण करायची असते. बोलणं झालं की त्या फोन ठेवतात. मग लगेच पुन्हा लावतात आणि सगळं पहिल्यापासून सांगतात. प्रत्येक वेळी.

"सर, मघाशी नीट ऐकू आलं नसेल, म्हणून परत केला."

मला मघाशीच ऐकू आलेलं असतं. त्या दिवशीही आलं होतं. मागे दगड काढणाऱ्या यंत्राची घरघर होती, कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं, आणि त्यांचा शब्द न् शब्द स्वच्छ होता.