आईचा उपास आणि नोव्हा हुतातले बटाटे

"मी त्या पोरीले पाह्यतो, नाही म्हणतो, अन् वसंताले संग घेऊनच वापस येतो!" आमच्या उंद्री गावच्या घराच्या अंगणात आईनं असं जाहीर केलं आणि आमचा पोलंड दौरा पक्का झाला. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. वसंतदादा, माझा थोरला भाऊ, तिकडे पोलादाच्या कारखान्यात शिकायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. आता त्याला हलिना नावाची मुलगी पसंत पडली होती. "पाहायला या" म्हणून त्यानं तिकिटंच धाडली. बाबांची पेरणी तोंडावर आलेली. मग आईसोबत कोण? इंग्रजी घेऊन मॅट्रिक पास झालेली मी! मी तर आनंदानं उड्याच मारत होते.

मलकापूरहून रेल्वे, मुंबईहून विमान, वॉर्सापासून पुन्हा रेल्वे. आईनं खिडकी सोडली नाही आणि दशम्यांचा डबाही सोडला नाही. क्राकूव हे राजेरजवाड्यांचं जुनं शहर. पण दादा राहायचा त्याच्या पार कडेला, नोव्हा हुता नावाच्या नव्या भागात. शहरातून थेट ट्राम जाते, तिकीट अगदी स्वस्त. (आजही जाते, आणि तुम्ही गेलात तर जुना किल्ला पाहून परतू नका, इकडेही याच.) काय ते रुंद रस्ते! मधल्या मोठ्या चौकातून चारी बाजूंना फुटलेले, दुतर्फा झाडं, एकसारख्या इमारती. आणि वस्ती संपली की लगेच कोबीची शेतं. "हे तं आपल्यावानीच हाय वं," आई चटकन बोलून गेली आणि लगेच गप्प झाली, कारण तिला इथलं काहीच आवडून घ्यायचं नव्हतं.

ट्राममध्ये एक म्हातारी आईच्या नऊवारीचा काठ हातात घेऊन हसत हसत बघायला लागली. "हिले काऊन हसू येऊन राह्यलं?" आईनं विचारलं. आम्हाला घ्यायला आलेला दादा म्हणाला, "आवडलं म्हणते ते." आईनं पदर नीट केला आणि पुढची सगळी वाट ऐटीत बसली.

खायचं म्हणाल तर सरकारी खानावळीत बटाटा-पनीर भरलेल्या उकडलेल्या करंज्या मिळतात. झकास! फक्त वरून चरबी घालतात, तेवढं आधीच नको म्हणा.

दुसऱ्या दिवशी मुलगी पाहायचा कार्यक्रम. जिना चढताना आईनं मला बजावलं, "ज्या घराले नाही म्हणाचं, त्या घरचं खाचं नसते. मी उपास सांगतो. तूबी काई तोंडात टाकू नको, सुमे."

दारात हलिना आणि तिची आई. टेबल तर असं मांडलेलं की माझ्या तोंडाला पाणीच सुटलं. केक, सॉसेज, मांसाचं काहीतरी, लोणच्याच्या काकड्या. आईनं हात जोडून सांगितलं, "आज माहा उपास हाय." दादानं ते पोलिशमध्ये सांगितलं. हलिनाच्या आईनं एकदम गंभीर होऊन काहीतरी विचारलं.

"उपासाले काय चालते, म्हणून विचारून राह्यली," दादा म्हणाला आणि आईला काही सुचायच्या आत त्यानं उत्तरही देऊन टाकलं. बटाटे! दही!

अहो, त्या देशात दुसरं आहे काय? बटाटे आणि दह्यासारखं विरजलेलं दूध हे त्यांचं रोजचं जेवण! मी ओढणीत तोंड खुपसून हसत होते. आई दादाकडे असं बघत होती की बस.

पण मग हलिनाच्या आईनं टेबलावरची एकेक बशी उचलली. केक गेला, सॉसेज गेलं, काकड्या गेल्या. थोड्या वेळात सगळ्यांच्या पुढे वाफाळते बटाटे आणि ते गार विरजलेलं दूध आलं. पाहुणीचा उपास, तर घराचाही उपास. हलिनाचे वडील कारखान्यातून दमून आले होते, तेही मुकाट्यानं बटाटेच खायला बसले.

आईनं आपल्या वाडग्यात पाहिलं. "शेपू टाकला हाय वरतून. उपासाले चालत नाही," ती शेपूवर बोट ठेवून पुटपुटली. दादानं सांगायच्या आत हलिना उठली आणि आईच्या बटाट्यांवरचा शेपू चमच्यानं कण न् कण वेचून काढायला लागली. आई तिच्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं घास घेतला. डोळे भरून आले होते तिचे, मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आईनं खरा उपास केला. निर्जळी. "खोटं बोललो मी त्या मानसांपाशी," एवढंच म्हणाली.

तिकडची बरीच नावं मी आता विसरले. लिंबाएवढ्या फुलांची ती गुलाबी झाडं, पहाटे ड्यूटीला निघालेल्या माणसांची गर्दी, तेवढं डोळ्यांपुढे आहे. आणि उंद्रीचा एसटी थांबा. बाबा शेतातून तसेच आले होते. आम्ही दोघीच उतरलो तसे ते पायरीवर चढून गाडीत डोकावून पाहायला लागले.

"पोरगा कोठी हाय? आली नं नाही म्हणून?"

"खाली व्हा, गाडी जाऊ द्या," आई म्हणाली. "दिवाळीले दोघं येतात. तुमी मांडवाचं पाहा."