हासू नोका!

आमच्या इचोडा गावात किस्से शोधायला जावं लागत नाही. माझ्या किराणा दुकानाला लागूनच विठ्ठलरावांचा फोटो स्टुडिओ आहे, तेवढा पुरतो. तीस वर्षं हा माणूस पासपोर्टचे, पेन्शनचे, हॉलतिकिटाचे फोटो काढतोय. क्लिकच्या आधी मंत्र एकच: "हासू नोका!"

यंदा बाजारातली आम्ही चार जोडपी बालीला गेलो. विठ्ठलरावांचा मनसुबा वेगळाच! स्टुडिओच्या पाटीवर कुठल्याशा कॅलेंडरातलं बाळ होतं. तिथं त्यांना स्वतः काढलेलं हसरं पोर लावायचं होतं. कारण त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "तुमच्या फोटोत आजवर कोनी हासलं हाये काय?" ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

*

पहिल्याच गावात एक चिमुरडी पडलेल्या दातांसकट छान हसली. आईनं मान हलवून परवानगी दिली. विठ्ठलरावांनी कॅमेरा रोखला आणि नुसतेच थांबले. पाच मिनिटं!

"काऊन थांबले जी?" मी विचारलं.

"तिचं हासू थांबू द्या ना!"

*

दुसऱ्या दिवशी विठ्ठलराव गायब. बस खोळंबली. शोधलं तर दोन भावांना, त्यांच्या बापासकट, गल्लीबोळात फिरवत होते. मागे समुद्र, माड, डोंगर, सगळं होतं.

"पांढरी भित सापडून नाही राह्यली," म्हणाले.

*

तिसऱ्या दिवशी एका पोराचे दोन्ही कान दिसावेत म्हणून त्याचे केस मागे सारले. पोरानं भोकाड पसरलं! वहिनींनी पिशवीतली चकली दिली तेव्हा कुठं गप्प झालं.

विठ्ठलराव त्या दिवशी नीट जेवले नाहीत. "सारी जिंदगी लोकायचं हासणं बंद केलं," म्हणाले, "आता सुरू कसं करतेत, तेच ठाऊक नाही." मला खरंच वाईट वाटलं.

*

शेवटच्या दिवशी एका दुकानाच्या पायरीवर सहा-सात वर्षांचा पोरगा बसला होता. विठ्ठलराव त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. हनुवटी वर केली, कॉलर सारखी केली आणि सवयीनं डोळे वटारले, "हासू नोको!"

पोरानंही डोळे वटारले. विठ्ठलरावांची हनुवटी धरून वर केली, त्यांची कॉलर ओढली आणि तस्सं म्हणाला, "हासू नोको!"

दोघांनाही हसू फुटलं! विठ्ठलरावांचा कॅमेरा गळ्यातच लटकलेला. मागून क्लिक झालं ते वहिनींच्या मोबाइलवर. पोराच्या आईला गाइडनं पाटीचं समजावलं, तर तीही हसत हो म्हणाली.

*

दसऱ्याला पाटी लागली. त्याच सकाळी तलमडुगू गावची एक बाई पोरीला फोटोसाठी घेऊन आली. तिनं पाटीकडे पाहिलं, मग विठ्ठलरावांकडे, मग पुन्हा पाटीकडे.

"फोटोत तं तुमीच दिसता. मंग काढला कोनं?"

विठ्ठलराव उठले, आतल्या दाराशी गेले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "अवं, तुयं गिऱ्हाईक आलं!"