आवळे खाऊनही साडेसात

मशीनवर आकडा आला साडेसात. मी दुसरं बोट टोचलं. पुन्हा साडेसातच.

समोर सुनीता बसली होती, आठवा महिना लागलेला. महिन्यापूर्वी तिचं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल भाग, आठ होतं. वाढायचं सोडून ते उतरलं होतं. इतकं कमी रक्त असलं की बाळंतपणात थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो.

मी हिंगोली जिल्ह्यात, हट्ट्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे. माझं डोकं चालेना. लोहाच्या गोळ्या मीच दिल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ. वर बजावलं होतं, रोज आवळा खा. आवळ्यात सी जीवनसत्त्व भरपूर, त्याने लोह अंगी लागतं.

"आवळा खातेस ना?"

"रोज दोन खाते बाई, मीठ लावून."

"आणि गोळ्या?"

सुनीताने शेजारी बसलेल्या सासूकडे, गयाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पिशवीतून सहा रिकाम्या स्ट्रिप काढून टेबलावर मांडल्या. सगळ्या संपलेल्या!

मशीन बिघडलं असेल म्हणून मी स्वतःचं रक्त तपासलं. बारा. म्हणजे मशीन ठीक. मग जंत? मलेरिया? काही सुचेना. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला.

"सिस्टर, हिंगोलीला पाठवा. रक्त चढवावं लागेल."

मी चिठ्ठी लिहायला घेतली तशा गयाबाई घाबरल्या.

"रक्त काहून चढवता? बाई, खरं सांगते. गोळ्या म्या खाल्ल्या."

"तुम्ही? का?"

"तुमीच म्हनल्या व्हत्या, आवळा रक्ताला लई चांगला. गोळीनं सुनीताला मळमळ व्हायची. म्हनलं, तिला आवळा हाय बराबर, गोळ्या काहून वाया घालाव्या? मला बी चक्कर येऊन राहिली व्हती."

हसावं की रडावं कळेना. आवळ्यात लोह नावालाच असतं. तो फक्त गोळीला मदत करतो, गोळीची जागा घेत नाही. हे मी सांगितलंच नव्हतं. आवळ्याचं कौतुक मात्र तोंडभर केलं होतं.

मी डॉक्टरांना पुन्हा फोन करून हे सांगितलं. मग हिंगोलीला सुनीताला रक्ताऐवजी सलाईनमधून लोह दिलं. पुढे बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. मला हायसं वाटलं.

पण त्या दिवशी निघताना मी गयाबाईंचंही बोट टोचलं होतं. महिनाभर गोळ्या खाऊन आठ. आधी किती असेल, मला अजून कळलेलं नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या घरी जाते, पण त्यांचं रक्त कधी तपासलंच नव्हतं.