रानटोमॅटोचा पट्टा

वाळवंटातल्या कॉर्कवुड वेल या आदिवासी वस्तीच्या चित्रशाळेत मायर्टलची जागा ठरलेली होती: दाराशेजारी, पंख्याखाली. तीस वर्षं ती तिथेच मांडी घालून बसत आली होती आणि एकच गोष्ट रंगवत आली होती, वडिलांच्या भूमीतला पाणवठा. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ. तिची माणसाएवढी चित्रं मेलबर्नच्या मोठमोठ्या घरांत लागली होती. नवीन बायका तिच्याकडे बघून ब्रश धरायला शिकत. त्यांत तिची मावसबहीण जॉइलीनही होती. वस्तीच्या दुकानात आधी गल्ल्यावर बसणारी ही जॉइलीन उशिरा चित्रांकडे वळली. तिची जागा कोपऱ्यात, ब्रश धुवायच्या मोरीजवळ.

त्या हिवाळ्यात ब्रॉनविननं, म्हणजे चित्रशाळा सांभाळणाऱ्या गोऱ्या बाईनं, सगळ्यांना चहाला बसवून सांगितलं, "शहरातल्या एका कंपनीला आपली चित्रं हवीत. कुत्र्यांच्या पट्ट्यांवर, साखळ्यांवर, थंडीतल्या कोटांवर छापायला. चित्रकाराचं नाव आणि फोटो प्रत्येक पट्ट्याबरोबर जाणार."

बायका हसून लोळल्या. वस्तीत माणसांपेक्षा कुत्री जास्त आणि एकाच्याही गळ्यात सुतळीसुद्धा नाही.

"कुत्र्याला कोट?" मायर्टल सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली. "आणि माझ्या बापाचा पाणवठा त्याच्या मानेवर? डोकंबिकं फिरलंय का तुमचं?"

जॉइलीननं मात्र गुपचूप एक चित्र दिलं. वाळूच्या टेकडीवर पसरलेले रानटोमॅटो, जांभळी फुलं, पिवळी फळं. कंपनीनं तेच निवडलं.

मंगळवारच्या ट्रकनं नमुन्याचा पट्टा आला. बोटभर रुंद, आणि त्यावरून फुलं अशी धावत होती की वाटावं, टेकडीच गुंडाळून ठेवलीय. सोबतच्या पुठ्ठ्यावर जॉइलीनचा हसरा फोटो. पट्टा या हातातून त्या हातात फिरला. कुणीतरी तो स्वतःच्याच गळ्यात घालून भुंकून दाखवलं. मायर्टलच्या हाती आला तेव्हा ती म्हणाली, "बरा आहे." एवढे दोन शब्द बोलून तिनं तो लगेच पुढे सरकवला. हिला ब्रश कुणी धरायला शिकवला? आणि फोटो हिचा!

दुपारी घरी जाऊन तिनं कागदाची बोटभर रुंद पट्टी कापली आणि त्यावर आपला पाणवठा काढायला घेतला. वर्तुळ मावेना. मोठं काढलं की वरखाली कापलं जाई. लहान काढलं की पाणवठा न वाटता शर्टाचं बटण वाटे. चार पट्ट्या झाल्या. चारही तिनं चुलीत घातल्या. वर कांगारूची शेपटी भाजत होती, तिच्याकडे बघत ती बराच वेळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती ब्रॉनविनच्या खोलीत गेली.

"ती रानटोमॅटोची गोष्ट जॉइलीनची नाही. माझ्या आईची होती, आता माझी आहे. तिनं मला विचारलेलं नाही."

ब्रॉनविनचा चेहराच उतरला. इथं चित्र म्हणजे पूर्वजांकडून घराण्यात चालत आलेली गोष्ट. ती कुणाची, ती रंगवायचा हक्क कुणाला, हे घरच्या वडीलधाऱ्यांनीच सांगायचं. त्यात तिला बोलता येत नव्हतं. तिनं त्याच दिवशी कंपनीला थांबायला कळवलं.

जॉइलीन मायर्टलच्या दारात आली. "ताई, तू असं म्हणालीस?"

"म्हणाले."

"तूच?"

मायर्टल चुलीतली राख सारखी करत राहिली. जॉइलीन निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती परत दुकानात गल्ल्यावर बसू लागली.

आता बरं वाटेल असं मायर्टलला वाटलं होतं. पण मोरीजवळचा कोपरा रिकामा झाला आणि जो येई तो विचारी, "जॉइलीन कुठाय?" असताना हिचंच कौतुक, नसतानाही हिचंच नाव! मायर्टलची वर्तुळं वाकडी पडू लागली.

शेवटी पेगीनं दोघींना बोलावलं. पेगी त्यांच्या आयांची सर्वांत धाकटी बहीण. दोघी तिला धाकटी आईच म्हणत. तिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. मांडवाच्या सावलीत ती पाय पसरून बसली होती.

"जॉइलीन, रानटोमॅटो कापून आतल्या कडू बिया खरवडायला तुला कुणी शिकवलं?"

"ताईनं."

"आणि वाळूवर बोटानं ते झुडूप काढून, ही आपल्या आयांची गोष्ट, हे कुणी सांगितलं?"

पेगीनं तोंड मायर्टलकडे वळवलं. "तू सांग."

"मीच सांगितलं," मायर्टल म्हणाली. "रंगव, असंही म्हणाले होते. पण कुत्र्यांच्या पट्ट्यासाठी नव्हतं म्हटलं!"

"पट्ट्याचा राग आलाय, की त्यावरच्या नावाचा?"

मायर्टलनं मूठभर वाळू उचलली, सोडली. "नावाचा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. पेगीनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "जा, त्या गोऱ्या बाईला सांगून ये."

मायर्टल गेली आणि खरं काय ते सांगून आली. महिनाभरात पट्टे निघाले. जॉइलीन कोपऱ्यात परतली, पण दोघींचं बोलणं 'तो निळा दे' यापलीकडे जाईना.

उन्हाळा लागता लागता मायर्टल डोळे तपासायला जवळच्या शहरात, अ‍ॅलिसला गेली. बेकरीबाहेर एक गुबगुबीत पांढरा कुत्रा बांधलेला. गळ्यात तोच पट्टा. ती खाली बसून बघू लागली. कुत्र्याची मालकीण बाहेर आली.

"सुंदर आहे ना? कॉर्कवुड वेलच्या एका बाईंचं चित्र आहे."

"बहीण आहे माझी," मायर्टल म्हणाली. मग राहवेना. "देठ आखूड काढलेत तिनं. फळ असं खाली लोंबायला हवं."

परत आल्या आल्या ती तडक मोरीपाशी गेली. "तुझे देठ आखूड आहेत."

जॉइलीननं वर पाहिलं. "मग इतके दिवस कुणाची वाट बघत होतीस? दाखव की."

मायर्टल शेजारी बसली आणि तिनं देठ काढून दाखवला. जॉइलीननं एकदा बघितलं आणि पुढचे दहा काढले, मायर्टलहून सफाईदार. या वेळी मायर्टल बोलून गेली, "तुझा हात बघितला ना, की जळते मी. अजूनही."

"तीस वर्षं लोकांनी तुझीच चित्रं नेली," जॉइलीन मान वर न करता म्हणाली. "मी गल्ल्यावरून बघायचे. मला काय होत असेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

मायर्टलनं विचार केला. "नसतं," ती म्हणाली, आणि तिनं त्या देठांना फळं काढायला पिवळ्या रंगाचा डबा आपल्याकडे ओढला.