मुनसिकच्या आईचे सहा खोके

दोक्सुनकाकूंना आमच्या जिंजू शहरातल्या इमारतीत नावाने कुणी हाक मारत नाही. सगळ्यांच्या त्या मुनसिकची आई. पासष्टाव्या वर्षी समाजकेंद्राच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकल्या आणि तेव्हापासून आमच्या डोक्याला ताप झाला. लिफ्टमधल्या पाट्या, औषधांची पाकिटं, सोया सॉसच्या बाटलीमागचं बारीक अक्षर, सगळं मोठ्याने वाचायचं. मी इमारतीची प्रमुख. फळ्यावर माझी सूचना लागली की त्यातली चूक सगळ्यांत आधी यांना दिसते. मला राग येतो, पण त्या चार दिवस दिसल्या नाहीत तर चैनही पडत नाही.

थंडीसाठी कोबीची किमची घालायची गडबड सुरू व्हायच्या आधी मी दारोदार फिरून न लागणारा शिधा गोळा करते. तारखेला महिना तरी शिल्लक असेल तर तो गरजूंना जातो, नाहीतर कचऱ्यात. मुनसिकच्या आईच्या बाल्कनीत मांसाच्या डब्यांचे सहा खोके होते. छुसॉकच्या सणाला कंपनी देते तो खोका मुनसिक सोलहून तसाच आईला पाठवतो. स्वतः मात्र दोन वर्षांत फिरकलेला नाही. म्हातारीला ते खारट मांस चालत नाही. तरी एकही खोका तिने फोडला नव्हता, दिलाही नव्हता.

"यंदा तरी द्या काकू," मी म्हटलं. "आता डब्यांना पिल्लं होतील."

"पोराने पाठवलंय. टाकू कसं?"

"टाका कुठे म्हणतेय? खाणारी माणसं आहेत."

"आणि त्याने विचारलं, आई, खाल्लंस का, तर?"

"खाल्लं म्हणायचं."

"खोटं तू बोल. प्रमुखीण तू आहेस."

तासभर घासाघीस झाली. शेवटी त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक खोका फोडून तारखा वाचायला घेतल्या. पहिल्या तीन खोक्यांची तारीख उलटून गेली होती. ते मी पिशवीत भरत असताना त्या तोंड फिरवून बसल्या. चौथा चांगला निघाला. पाचवा, गेल्या वर्षीच्या सणाचा, पुढच्याच्या पुढच्या वर्षीच्या मेपर्यंतचा. सहावा यंदाचा, महिन्यापूर्वी आलेला. त्यावर पुढच्या वर्षीचा जून होता.

त्यांनी तो डबा पुन्हा वाचला. या वेळी मनात.

"हा गेल्या वर्षीच्यापेक्षा जुना आहे," त्या म्हणाल्या.

"दुकानदाराने जुना माल खपवला असेल," मी उगाच म्हटलं.

"तो कधी दुकानात जातो? कंपनी देते." त्यांनी डबा बाहीने पुसला. "यंदा दिला नसेल कुणी. कंपनीच राहिली नसेल. घरात पडलेला होता तो पाठवला. मला कळू नये म्हणून."

मी फोनला हात घातला तसा त्यांनी तो काढून घेतला. "मी बोलते. तू फक्त गप्प बस. जमेल?"

मला जमलं.

"मुनसिक, बाल्कनी भरलीय बघ. आमची प्रमुखीण सगळं उचलून न्यायला टपलीय. रविवारी येऊन तुझं तू घेऊन जा. रविवारी कंपनी बंद असते ना?"

 पलीकडून "हो" ऐकू आलं.

चौथा खोका त्यांनी माझ्या हातात दिला. "हा तुझ्या लोकांना. दुसऱ्या कुणाच्या पोरालाही लागत असेल." त्या क्षणी मला ही म्हातारी फार आवडली. तसं मी बोलले मात्र नाही, नाहीतर त्यातही तिने चूक काढली असती.

रविवारी मी किमचीचा कोबी द्यायला म्हणून गेले. खरं सांगायचं तर बघायलाच गेले. मुनसिक वाळला होता. खाली मान घालून त्याने तीन वाट्या भात खाल्ला. आईने कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोन खोके, तांदूळ, भाजलेलं समुद्री शेवाळ, तिळाच्या तेलाची बाटली, असं बांधत राहिली.

दारात बूट चढवून झाल्यावर तो म्हणाला, "आई, तुला कळलंय ना?"

"डब्यावर लिहिलेलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि मला आता वाचता येतं."

 मुनसिकने पिशवी खाली ठेवली आणि बांधलेले बूट पुन्हा सोडले.