गिरज्याच्या छपरीतल्या कड्या

मी चमत्कार मानत नाही. तशी पत्रकं मी स्वतः लिहिली, सायक्लोस्टाइल केली आणि पांढुर्णा-सौसरच्या बाजारांत उभं राहून वाटली. म्हणून हे लिहिताना हात अडखळतो. पण जे घडलं ते दडवणं हाही खोटेपणाच, आणि खोटेपणाविरुद्धही मी पत्रक काढलेलं आहे.

पोळ्याआधीची झड लागली होती. आमच्याकडे झड लागली की दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, चूल नुसती धुमसते, कपाशीत पाय घालवत नाही. त्या झडीत आमच्या वस्तीतल्या विहाराची मातीची भिंत बसली आणि कवेलूंचं छप्पर एका अंगाला झुकलं. आत तथागतांची मूर्ती होती, प्लास्टरची. माझ्या बाबांनी ती नागपूरहून पॅसेंजर गाडीत मांडीवर धरून आणली होती, तिगावला उतरून पुढे बैलगाडीनं. प्लास्टरला पाणी लागलं की ते आधी फुगतं, मग त्याचं पीठ होतं. लोकांनी मूर्ती कशीबशी बाहेर काढून चिंचेखाली ठेवली, वर ताडपत्री धरली. बाबा तिच्याजवळ जाऊन बसले ते उठेनात. अंगात सणसणून ताप. म्हणाले, "मूर्ती भिजून राहिली अन् मी घरात जाऊन निजू?"

मग ती घरात का नाही नेली? आमच्या वस्तीत दोन गल्ल्या आहेत, वरची आणि खालची, आणि ज्याच्या घरी मूर्ती तोच पुढारी अशी दोघींना धास्ती. वरचे सुखदेवकाका म्हणाले, "माझ्या घरी ठेवा." खालचे दशरथमामा लगेच, "हो, ठेवा! अन् मंग जयंतीले हार बी यायच्याच गळ्यात घाला!" भांडण मिटावं म्हणून बाबांनीच पूर्वी नियम करून ठेवला होता, मूर्ती कोणाच्याच घरी जाणार नाही. स्वतः केलेला नियम आता त्यांनाच मोडवेना, म्हणून ते पावसात बसून होते. शाळा होती, पण गुरुजी म्हणाले, पांढुर्ण्याहून परवानगी आणा.

मी सरपंचाकडे गेले. गायरानातला एक तुकडा विहाराला द्या म्हणून आम्ही दोन वर्षं भांडत होतो. तो ओट्यावर सुपारी कातरत बसलेला. "झड उघडू दे, मंग पाहू." मी म्हटलं, "झड उघडेपर्यंत बुद्ध थांबतील, माझा बाप थांबणार नाही." तो बाजूच्यांकडे पाहून हसला, "पोरगी लय तोंडाची आहे." संताप घेऊन मी परत निघाले. खरं सांगते, त्या वाटेवर मला पहिल्यांदा शंका आली. माझे शब्द, माझी पत्रकं, माझ्या घोषणा, यातलं एकही बाबांच्या डोक्यावर छप्पर म्हणून धरता येत नव्हतं.

वाटेत गावाचा गिरजा लागतो. इंग्रजांच्या वेळी एका गोऱ्या पाद्र्यानं तो बांधून घेतला. त्याला इथे राहून आपल्या गावाची आठवण येई, म्हणून तिकडच्या खेड्यात असतो तस्साच बांधला म्हणतात: बुटका चौकोनी मनोरा, निमुळत्या खिडक्या, उतरतं छप्पर, आणि दारापुढे दोन्ही बाजूंना दगडी बाकं असलेली ओसरी. गाव तिला छपरी म्हणतं. दगड नदीतला, चुना आमच्या बायांनी डोक्यावर वाहिलेला. माझी पणजी त्यांतलीच एक. पण भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर नाव एकट्या साहेबाचं. या पाटीचा मला लहानपणापासून राग. गोरे गेले, त्यांची दोन-तीन थडगी मागे राहिली. आता गावात ख्रिस्ती घरं दोनच, आणि झाडलोट करणारी मार्थामावशी.

ती छपरीतच उभी होती, केरसुणी हातात. "काय वं पोरी, भिजून काहून राहिली?" मी सगळं सांगितलं, भांडल्यासारखंच. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग इथं आणा ना."

"तुमच्या पाद्र्यानं विचारलं तर?"

"पाद्री महिन्यातून एकदा येते, पाऊस रोज येते. अन् या छपरीले दार आहे का? नाही ना. मंग विचारते कोणाले?"

मी काही मागितलं नव्हतं, ना घोषणा दिली होती. पळत वस्तीत गेले. गिरजा वरच्या गल्लीचा नव्हता, खालच्याही नव्हता, त्यामुळे कोणाला तोंड उघडायला जागाच उरली नाही. मूर्तीला एका बाजूनं सुखदेवकाकांनी हात दिला, दुसऱ्या बाजूनं दशरथमामांनी. "काका, हळू, पाय घसरन." "तू आपले पाय सांभाळ बे!" मागून खाटेवर बाबा. दिवेलागणीला आम्ही पोचलो.

मूर्ती बाकावर ठेवली, पण पाऊस तिरपा होता, समोरून शिंतोडे येतच होते. ताडपत्री होती, बांधायची कशाला? तेवढ्यात मावशीनं हातातली केरसुणी वर केली. छपरीच्या सागवानी तुळईत ओळीनं लोखंडी कड्या होत्या. मी समजायची, साहेबाच्या कंदिलांसाठी असतील.

"कंदील कसचे? चुना वाहणाऱ्या बायांचे लेकरं पावसात रडत. त्यायनं इथं बोऱ्या बांधून आडोसा केला होता. माही आजी सांगे, पाद्र्यानं ते पाहिलं अन् म्हणाला, आमच्या गावच्या गिरज्याले बी अशीच छपरी आहे. मंग दगडाची केली. झोळ्या टांगाले कड्या बायायनंच ठोकून घेतल्या."

मी कड्यांकडे पाहतच राहिले. माझ्या आजीची झोळी यातल्याच एखादीला टांगली असेल. आम्ही ताडपत्री त्याच कड्यांना बांधली. पाऊस बाहेर राहिला. बाबा समोरच्या बाकावर आडवे झाले, मूर्तीकडे बघत म्हणाले, "कोरडे आहेत ना?" मी हो म्हटलं. मग ते झोपले. त्या संध्याकाळी त्रिशरण मी त्या कड्यांखाली बसून म्हटलं. सकाळी त्यांचं कपाळ गार होतं. मावशीनं चहा आणला, बाबांनी दोन कप घेतले.

याला काय म्हणायचं ते मी म्हणत नाही. एवढंच कळलं की हक्क मागावाच लागतो, तो मी आजही मागते, पण काही गोष्टी मागण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी आपल्यासाठी ठोकून ठेवलेल्या असतात. त्यांच्याखाली मान वाकवून जाणं ही हार नव्हे. पाटीवर त्या बायांची नावं यायला हवीत, हे माझं म्हणणं मात्र कायम आहे, आणि मावशीचंही.

पुढे गायरानातला तुकडा मिळाला, दोन्ही गल्ल्यांनी मिळून विहार बांधला. त्याला छपरी केली, बिनदाराची. तुळईत कड्या ठोकताना मिस्त्री म्हणाला, "पंखे लावता का?" बाबा हसले. पहिल्या वंदनेला तिथे तीन झोळ्या टांगलेल्या होत्या, आणि त्यातल्या एकीची दोरी मार्थामावशी ओढत होती.